समन्स कपाटात, निकाल एकतर्फी!

बेळगाव : वाटणीचा दावा दाखल होतो, बेलीफ समन्स घेऊन दारात येतो. कागद कन्नडमध्ये. खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात म्हातारी माणसं सही करतात आणि कागद कपाटात ठेवतात. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा गणपतीला आला की तो बाहेर निघतो. तोवर बहुतेक मुदत गेलेली असते.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचे असते. योग्य कारण दिल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते. कोणी हजरच झाले नाही, तर दावा एकतर्फी चालतो. तसा हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्जही ३० दिवसांतच करावा लागतो.

सही केली म्हणजे दावा कबूल केला, ही भीती खोटी आहे. उलट समन्स नाकारले तरी ते बजावले गेले, असे कोर्ट धरू शकते.

वकिलाची फी परवडत नाही, हे कारणही पूर्ण खरे नाही. १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत घरात आलेला कागद थांबत नाही. कन्नड येत नसेल तर त्याच दिवशी गल्लीतल्या शिकलेल्या पोराकडून निदान तारीख तरी वाचून घ्यावी.