पडलेल्याला उचलू नका!

‘हिवाळी खेळ’ म्हटले की शहरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे गुलमर्गचा बर्फ आणि पायांत लांब फळ्या बांधून घसरणारी माणसे उभी राहतात. आमच्या चामोर्शीकडे बर्फ पडत नाही. पण हिवाळी खेळांना मात्र तोटा नाही. दिवाळी सरली, धान घरात आले, की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात आणि शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचे नाटक रंगते. बर्फावर घसरणारा काय किंवा मातीत आपटणारा काय, दोघांच्या मानेतले मणके सारखेच. म्हणून यंदा लिहायचे ते मणक्यांविषयी, असे मी ठरवले. त्याला कारणही आहे, आणि ते सांगताना मला शरम वाटते.

काही वर्षांपूर्वीची, पौषातली रात्र. कबड्डीचा सामना ऐन रंगात आलेला. शिट्टी माझ्याच तोंडात होती; म्हणजे पंच मीच होतो. चढाईला आलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मधल्या रेषेकडे झेपावला, त्याच्या अंगावर चार-पाच जण कोसळले आणि तो डोक्यावर आपटला. बाकीचे उठले, हा उठेना. मग आपल्याकडे जे होते तेच झाले. “पाणी आणा!” “कांदा हुंगवा!” “वारा येऊ द्या!” अशी एकच गर्दी उसळली. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, आणि माझ्याच हुकमावरून त्याला उचलून बाकावर बसवले. वर मी त्याची मान चोळून दिली.

“गुरुजी, हातात मुंग्या येऊन राह्यल्या जी,” तो म्हणाला.

“थंडी आहे बेटा. जातील आत्ता,” मी म्हणालो.

ती थंडी नव्हती. नागपूरला फोटो काढला तेव्हा मानेचा मणका मोडल्याचे दिसले. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “हाड खेळताना मोडलं, ते समजलं. पण मोडल्यावर याला उचलून बसवलं कुणी?” मी काहीच बोललो नाही. पोरगा सुदैवाने चालतो-फिरतो. पण डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही. सदऱ्याची बटणे पुष्कळ दिवस त्याची आई लावून देत असे. ती बोटे खेळाने नेली की मी नेली, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन केले. आपल्या मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली जातो. मान ताठ असताना मणक्यांना थोडा बाक असतो, त्यामुळे धक्का जिरतो. हनुवटी छातीकडे झुकली की तो बाक नाहीसा होतो आणि सातही मणके काठीसारखे एका रेषेत येतात. अशा वेळी टाळूवर आघात झाला तर सारा भार मणक्यांवर येतो आणि एखादा पिचतो. मोडलेले हाड जुळते. तुटलेला मज्जारज्जू पूर्वीसारखा जुळत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि तरीही 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. त्यांच्या जिद्दीला नमस्कार असो. पण तशी परीक्षा आपल्या मुलांवर येऊच नये, हे आपण पाहायचे.

आणि ते पाहता येते. अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्वी डोके पुढे करून धडक मारण्याची पद्धत होती. 1976 साली नियम करून ती बंद केली. त्या वर्षी मानेला मार बसून चारही अंगांनी लुळे झालेले खेळाडू 34 होते. 1984 साली ते अवघे 5 राहिले. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत मागून धक्का बसून खेळाडू कठड्यावर डोके आपटत, तेव्हा तिथेही मागून धक्का मारण्याविरुद्ध नियम झाला. खेळ बंद पडले नाहीत. खेळण्याची रीत तेवढी बदलली.

आपल्यालाही हे अवघड नाही. मैदानाची माती आदल्या दिवशी खणून भुसभुशीत करावी, खडे वेचावेत. दिव्याचे खांब आणि बाके रेषेपासून लांब ठेवावीत. थंडीत अंग आखडलेले असते, म्हणून मुलांना आधी थोडे पळवावे. ‘मान वर, नजर समोर’ हे पकड शिकवण्याआधी शिकवावे. खेळाडू खाली पडला की पंचाने क्षणाचाही उशीर न करता शिट्टी वाजवावी; पडलेल्यावर ढीग रचू देऊ नये. शंकरपटाचेही तेच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या शर्यती डिसेंबर 2021 पासून पुन्हा सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांचे हाल होऊ नयेत म्हणून नियम झाले, ते योग्यच. धुरकऱ्याच्या मानेचीही तशीच काळजी घ्यावी. धावपट्टीच्या कडेचे दगड काढावेत आणि बघे दोरीच्या बाहेर ठेवावेत. सुटीत नदीवर जाणाऱ्या मुलांनाही बजावावे, की पाणी किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय सूर मारायचा नाही.

इतके करूनही कोणी पडला, मान दुखते म्हणाला, हातापायांत मुंग्या आल्या किंवा तो बेशुद्ध असला, तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका, मान चोळू नका. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे आणि त्याला बोलता ठेवावे. दुसऱ्याने 108 ला फोन करावा. थंडी असल्यास अंगावर कांबळे घालावे. उशी देऊ नये. ओकारी आली तर डोके, खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसे चौघांनी मिळून कुशीवर वळवावे. हुकूम डोके धरणाऱ्याने द्यावा. श्वासच थांबला तर मात्र आधी श्वासाचे पाहावे. आमच्याकडून जिल्ह्याचे ठिकाण तीसेक किलोमीटर लांब. गाडी येईपर्यंतची मिनिटे मोठी वाटतात, हे खरे. पण त्या वेळी काही न करणे हीच मोठी मदत असते.

तो पोरगा आता खेळत नाही. आमच्या सामन्यांचा पंच तोच आहे. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा मैदानात पडला आणि सवयीने मीच आधी धावलो. मागून त्याचा आवाज आला, “गुरुजी, हात नका लावू जी!” मी जागच्या जागी थांबलो. मुलगा दोन मिनिटांनी आपणहून उठून बसला. नुसतीच धाप लागली होती. मला मात्र फार बरे वाटले.