सतरा सप्टेंबर : तारीख एक, नावे अनेक

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभाजवळ प्रथेप्रमाणे मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात, पोलिसांची मानवंदना होते आणि मराठवाड्याच्या विकासावर भाषण होते. त्याच सकाळी कलबुर्गी येथे 'कल्याण कर्नाटक उत्सव' साजरा होतो. हैदराबादमध्ये तर गेल्या काही वर्षांपासून एकाच दिवशी दोन सरकारी सोहळे होऊ लागले आहेत. केंद्राच्या सोहळ्याचे नाव 'हैदराबाद मुक्ती दिन'. राज्याच्या सोहळ्याचे नाव सरकारनुसार बदलते. २०२२ मध्ये तेलंगणच्या तत्कालीन सरकारने त्याला 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले, २०२४ मध्ये नव्या सरकारने 'प्रजापालन दिन' म्हटले. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून दरवर्षीचा १७ सप्टेंबर 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून पाळण्याचे जाहीर केले. डाव्या पक्षांच्या दृष्टीने या तारखेपेक्षा १९४६ ते १९५१ या काळातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा महत्त्वाचा, आणि मजलिसला 'मुक्ती' हा शब्दच मान्य नाही.

प्रादेशिक इतिहासासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवण्याची कल्पना वरकरणी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तारीख निवडणे म्हणजे इतिहासाची एक मांडणी निवडणे होय. तमिळनाडूत १ नोव्हेंबर हा राज्यदिन म्हणून २०१९ मध्ये साजरा झाला. २०२१ मध्ये सरकार बदलले आणि तो १८ जुलैवर गेला, कारण १९६७ साली त्या तारखेला मद्रास राज्याचे नामांतर करण्याचा ठराव विधानसभेत झाला होता. भाषावार प्रांतरचनेची तारीख मागे पडून द्रविड चळवळीची तारीख पुढे आली. पश्चिम बंगालमध्ये २० जून १९४७ च्या फाळणीविषयक मतदानाची आठवण राजभवनाने २०२३ मध्ये साजरी केली, तेव्हा विधानसभेने सप्टेंबरमध्ये ठराव करून बंगाली नववर्षाचा पहिला दिवस निवडला. चिमुकल्या गोव्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १८ जूनचा क्रांतिदिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, ३० मेचा घटकराज्य दिन आणि १९६७ च्या जनमत कौलाची १६ जानेवारी या सर्वांना तेथे जागा आहे. अर्थात ज्यांना विलीनीकरण हवे होते त्यांच्यासाठी जानेवारीतील ही तारीख उत्सवाची नाही, हेही तितकेच खरे.

मराठवाड्यात नावाचा वाद नाही. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' हे नाव सर्वपक्षीय आहे, आणि ते योग्यही आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला लढा खरोखरीचा होता. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपले दरवाजे उघडले. सरहद्दीबाहेर शिबिरे उभी राहिली. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा मिळवण्यात आला. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. परंतु त्या पाच दिवसांमागे दहा वर्षांची तयारी होती. 'पोलीस कारवाई' या सरकारी शब्दात ती मावत नाही.

नाव योग्य असले तरी त्या नावाखाली काय सांगितले जाते, हा प्रश्न उरतोच. 'मुक्ती'चा सरळ अर्थ घेतला तर तिची तारीख १७ सप्टेंबर १९४८ इतकी स्वच्छ नाही. निजामाने भारतीय राज्यघटना स्वीकारल्याचे फर्मान काढले ते नोव्हेंबर १९४९ मध्ये. त्यानंतर १९५० ते १९५६ पर्यंत तोच मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. पाच मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले, ते १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर विसंबून. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा ज्या करारापासून सुरू होते, तो करार या दिवसाच्या भाषणांत क्वचितच तपशिलाने येतो. आकडे मात्र येतात. २०२३ साली अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने १६ सप्टेंबरला मंत्रिमंडळाची बैठक शहरात झाली आणि ४५ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या योजना जाहीर झाल्या. दुसरीकडे मराठवाडा विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपलेली होती. स्मरणदिन हा घोषणादिन होणे हा आपल्याकडील जुनाच रोग आहे.

न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही आहेत. रझाकारांचे अत्याचार सर्वांना ठाऊक आहेत आणि ते सांगितले गेलेच पाहिजेत. बिदर जिल्ह्यातील गोरटा गाव आजही त्यांची साक्ष देते. पण रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत ज्याची हत्या झाली, तो 'इमरोज' दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान मराठवाड्यातील किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? आणि फौजा आल्यानंतर जे घडले त्याचे काय? केंद्र सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन मराठी नावे होती. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांचे क्रौर्य आणि त्यानंतरचा सूड या दोन्ही गोष्टी एकाच मातीत घडल्या. एक सांगितल्याने दुसरी खोटी ठरत नाही. शासकीय व्यासपीठावर हे सांगणे कठीण आहे हे मान्य. शाळेच्या वर्गात ते तितके कठीण असू नये.

या सर्वांवर कडी झाली ती मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन नोंदींत 'कुणबी' शब्द कोठे आढळतो हे शोधण्याचे काम तिच्याकडे आले. तालुक्याच्या कचेरीतील गाठोडी सोडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, आणि या कागदपत्रांचे भाषांतर व डिजिटायझेशन करण्याचे आदेश शासनाला काढावे लागले. मनोज जरांगे यांचे मुंबईतील उपोषण २ सप्टेंबर २०२५ रोजी संपले ते 'हैदराबाद गॅझेटियर' स्वीकारणाऱ्या शासननिर्णयाने. इतर मागासवर्गीय संघटनांनी त्याला विरोध केला आणि वाद न्यायालयात गेला. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या राजवटीपासून मुक्त झाल्याचा उत्सव दर सप्टेंबरात होतो, तिच्याच दप्तरावर लाखो कुटुंबांचे दाखले अवलंबून राहिले, आणि ते दप्तर वाचण्याची सोय मात्र मुक्तीनंतरच्या पंचाहत्तर वर्षांत झालेली नव्हती. आंदोलनाने केले ते काम एखाद्या वार्षिक इतिहासदिनाने केव्हाच व्हायला हवे होते.

स्थानिक इतिहास जपण्याकडे महाराष्ट्राने अगदीच दुर्लक्ष केले असे मात्र म्हणता येणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि वाड्यांतील, मठांतील दप्तरे गोळा होऊ लागली. परंतु त्या परंपरेचा भर पेशवाई आणि शिवकालावर राहिला. निजामी मुलूख तिच्या कक्षेत पुरेसा आला नाही, कारण तेथील कागद फार्सी-उर्दूत होते आणि राजधानी हैदराबाद होती. अंतुले मुख्यमंत्री असताना ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली गेली. कल्पना चांगली होती. पुढे त्यांतील अनेकांची काय अवस्था झाली हे त्या त्या गावचे लोक जाणतात. आणि कागद नीट नसले की काय होते याचा धडा बीड जिल्ह्याने दिला. तेथे स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनात बनावट लाभार्थी निघाले आणि चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. भूमिगत लढ्याला लेखी पुरावा नसतो, हे खरे. म्हणूनच शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या साक्षी वेळीच नोंदवून ठेवायच्या असतात.

मग हा दिवस वेगळ्या रीतीने पाळता येईल काय? त्याला फार खर्च लागत नाही. सतरा सप्टेंबरला गावच्या शाळेत त्या गावापुरता इतिहास सांगितला जावा. गावातून सरहद्दीवरील शिबिरात कोण गेले, कोणाची घरे जळाली, कोण गाव सोडून गेले आणि परतले नाही, वतने व जहागिरी कोणाकडे होत्या, हे त्यात यावे. तालुक्याच्या अभिलेख कक्षाने वर्षातून एक दिवस दप्तर लोकांसाठी उघडावे. विद्यापीठाने उर्दू-मोडी वाचनाचे वर्ग नियमित चालवावेत. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात निजामशाहीची मूळ कागदपत्रे आहेत. त्यांच्यासाठी तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन सरकारांनी एकत्र बसावे लागेल. दिवसाच्या नावावर त्यांचे एकमत होणार नाही, पण प्रतींच्या देवाणघेवाणीसाठी ते आवश्यकही नाही.

अडचण एकच आहे. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. कागद आणखी काही वर्षे गाठोड्यात राहू शकतात, माणसे थांबत नाहीत. २०२४ साली १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. ध्वजारोहण सकाळी आटोपले आणि दुपारनंतर सारे शहर विसर्जनाच्या मिरवणुकीत गेले.