अजान ऐकू येते, शब्द का कळत नाहीत?

विट्याच्या गल्लीबोळांत यंत्रमागांची खडखड चालू असते. उमेदीची वर्षं मागावर घालवलेले अब्बा घरी म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." घरचे चिडतात, "अजान बरोबर ऐकू येते, आमचंच ऐकायचं नसतं!" अब्बा खोटं बोलत नसतात.

कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यात स्वर पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीने टिपले जातात. बारीक, उंच स्वर तोंडाशी आणि खर्जातले टोकाशी. तिथून निघालेले मज्जातंतू हाच क्रम सांभाळत मेंदूच्या देठात पोचतात. तिथेही उंच स्वरांची जागा वेगळी, खर्जाची वेगळी. मांजर, उंदीर, माणूस, सगळ्यांत हीच मांडणी.

सततच्या गोंगाटाने बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासची जागा आधी निकामी होते. 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीतच असते. त्यामुळे 'सात' आणि 'हात' यांत घोटाळा होतो, पण अजानचा भरदार, लांबवलेला सूर पोचतो. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून आज मागावर जाणाऱ्या मुलाला कानात घालायचे फोमचे बोळे द्या. कापूस पुरत नाही. आवाज रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर असेल तर धोका असतो. वर्षातून एकदा कानाची तपासणी करून घ्या.

आणि अब्बांवर ओरडू नका. समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला.