पत्रकार कक्षाची किल्ली कोणाकडे?

पत्रकारांच्या संस्था जगभर ढोबळमानाने दोन प्रकारच्या दिसतात. काही शासनापासून अंतर राखून स्वतःच्या जागेत चालतात. वॉशिंग्टनचा १९०८ साली स्थापन झालेला नॅशनल प्रेस क्लब हा त्यांपैकी एक. दुसऱ्या शासकीय इमारतीतच नांदतात. प्रशासकाने अभ्यासावा असा हा दुसरा प्रकार, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानमधील 'किशा क्लब'.

१८९० साली जपानची संसद प्रथम भरली, तेव्हा वृत्तांकनासाठी प्रवेश मिळावा म्हणून वार्ताहर संघटित झाले. म्हणजे मुळात ही संस्था बंद दार उघडण्यासाठी जन्मली. पुढे मंत्रालये, प्रांतिक सरकारे, पोलीस मुख्यालये येथे तिला कक्ष मिळाले. सभासदत्व मात्र मोठी वृत्तपत्रे, वृत्तसंस्था व दूरचित्रवाणी यांच्यापुरते राहिले. नियतकालिकांचे, मुक्त आणि परदेशी पत्रकार दीर्घकाळ बाहेरच होते.

याचा परिणाम १९७४ साली दिसला. पंतप्रधान काकुएई तानाका यांच्या आर्थिक व्यवहारांवर ताचिबाना ताकाशी यांनी 'बुंगेई शुंजू' या मासिकात सविस्तर लेख लिहिला. मोठ्या वृत्तपत्रांनी प्रथम त्याची फारशी दखल घेतली नाही. ऑक्टोबरमध्ये तोक्योतील परदेशी वार्ताहरांच्या क्लबात तानाकांवर त्याच विषयावर प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा कुठे देशी वृत्तपत्रे जागी झाली. डिसेंबरमध्ये तानाकांना पद सोडावे लागले.

रोज एकाच कक्षात भेटणाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारणे जड जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. अधिकाऱ्यालाही ही व्यवस्था सोयीची वाटते: ओळखीचे चेहरे, अपेक्षित प्रश्न, दुसऱ्या दिवशी एकसारख्या बातम्या. परंतु या सोयीची किंमत प्रशासनच मोजते. खालच्या पातळीवर काय बिघडले आहे, हे वरिष्ठांना कळण्याचा एक खात्रीचा मार्ग बंद होतो. माझ्या सेवाकाळात स्तुतीच्या बातम्यांपेक्षा एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकातील तक्रारवजा चार ओळी मला अधिक उपयोगी पडल्या आहेत.

यावर उपाय आहे. नागानो प्रांताचे गव्हर्नर यासुओ तानाका यांनी २००१ साली क्लबांचे कक्ष बंद करून सर्वांसाठी खुले केंद्र सुरू केले. २००९ साली परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनी आपल्या पत्रकार परिषदा क्लबाबाहेरील पत्रकारांना खुल्या केल्या.

आपल्याकडे किशा क्लब नाहीत. पण अधिस्वीकृती शासन देते आणि अनेक ठिकाणी जागाही शासनच देते. दिलेली जागा परतही घेता येते. श्रीनगरमधील काश्मीर प्रेस क्लबची जागा, सभासद-गटांतील वाद व नोंदणीचा प्रश्न पुढे करून, प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये परत घेतली. कारणे काहीही असोत, शासनाच्या छपराखालील स्वातंत्र्य किती नाजूक असते हे त्यातून दिसते.

म्हणून माझ्या मते तीन पथ्ये पाळावीत. शासनाने जागा द्यावी, पण ती लेखी अटींवर व ठरावीक मुदतीसाठी; मर्जीवर नव्हे. पत्रकार परिषदेला अधिस्वीकृती नसलेल्यांनाही येऊ द्यावे. आणि तेथे वाटलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावा. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती देण्याचे जे कर्तव्य सांगितले आहे, त्याच्याशी हे सुसंगतच आहे. माहिती नागरिकांची आहे. पत्रकार ती त्यांच्या वतीने मागतो आणि अधिकारी ती त्यांच्या वतीने सांभाळतो. ती कोणाला द्यायची हे त्या दोघांनी आपसांत ठरवू नये.