सैनिकाची घरपत्रे : एक दुर्लक्षित वाङ्मय

मराठी वाङ्मयाला योद्धा अपरिचित नाही. बखर आणि पोवाडा यांचा तो नायकच आहे. मात्र तेथे त्याला स्थान मिळते ते पराक्रमामुळे अथवा मरणामुळे. दोन मोहिमांमधला त्याचा संसार, म्हणजे रजा, पगार, शेती, आजारपण, क्वचितच शब्दांत येतो. शिवनेरीच्या परिसरात, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, ही उणीव विशेष जाणवावी. पराक्रमाची स्मृती येथे जपली जाते. नोकरी म्हणून पत्करलेल्या सैनिकी जीवनाची भाषा मात्र उपेक्षित राहते.

या जीवनाचे लिखित साधन म्हणजे सैनिकाची घरपत्रे. पत्त्यात तुकडी आणि ‘५६ एपीओ’ अथवा ‘९९ एपीओ’ एवढाच निर्देश; त्यावरून ठाणे कळत नाही. स्थळ सांगायचे नाही, संकट सांगवत नाही. साहजिकच मजकूर बैलजोडी, बांधाचा वाद, मुलांची शाळा यांकडे वळतो. पत्र वडिलांच्या नावे असेल आणि वाचणारा तिसराच असेल, तर पत्नीसाठीचा शब्द ओळींमध्येच शोधावा लागतो. हा संकोच शैलीच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटू नये काय?

यात वाङ्मय कोठे, असा आक्षेप संभवतो. परंतु सभासदानेही बखर लिहिली ती जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, वृत्तांत म्हणून. आज तिच्यावाचून मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही.

विलंबाची किंमत आपण जाणतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून गेलेल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे उतारे उरले ते सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी भाषांतरांत. मूळ बोलींतले शब्द बहुतांशी गेले. उलट, हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या नोंदविल्या, म्हणून लाखाहून अधिक ओव्या आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

१९७१च्या युद्धात लढलेले सैनिक आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. दूरध्वनीने पत्रलेखन संपविले. २०२२पासून अग्निपथ योजनेने बहुतेकांची सेवा चार वर्षांवर आणली. निवृत्तिवेतन घेऊन गावी परतणाऱ्या फौजीचे जीवनच बदलत आहे. विद्यापीठीय मराठी विभागांनी या दोन तालुक्यांपासून पत्रसंकलनास आरंभ करावा. कुटुंबाची संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत, बोलीला प्रमाणभाषेचा हात लावू नये. ट्रंकेतील कागद वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे व्हावयास हवे.