एकॉर्नमध्ये कॉर्न कुठून आला?

ओकच्या बीला इंग्रजीत एकॉर्न म्हणतात, पण त्यात मुळात ना ओक होता ना कॉर्न. जुन्या इंग्रजीतल्या शब्दाचा अर्थ साधारण 'रानातलं फळ'. लोकांना त्यात ओक आणि कॉर्न ऐकू आलं, तसं त्यांनी लिहिलं, आणि आज तेच स्पेलिंग शुद्ध! वॉलनट म्हणजे तर 'परक्यांचं नट'. वेल्श हा शब्दही त्याच मुळाचा. आता त्यातलं परकेपण कुणाला ऐकूही येत नाही.

आपणही कढीपत्त्याला सर्रास कडीपत्ता म्हणतो. त्यात कसली आली कडी? मग मुलांचं मराठी चुकलं, तर पाहुण्यांसमोर हसू नका. हसलं की पोर शब्द सुधारत नाही, सरळ इंग्रजीत बोलू लागतं. आमच्या घरी झालंय.