पत्र्यावरचे दगड कोण उतरवणार?

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा नुकतेच वाजून गेले होते. पहिला धक्का ४.५ रिश्टरचा, आणि माणसं जेमतेम दाराबाहेर येतात तोच दुसरा ३.६ चा. केंद्रबिंदू आपल्याच कळमनुरी तालुक्यात. डोंगरकड्यात मांडणीवरची भांडी वाजली, लेकरं कडेवर घेऊन बाया रस्त्यावर आल्या. मग प्रशासनाचं आवाहन मोबाईलवर फिरू लागलं: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधाराला दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. पुढं १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. आमच्या वस्तीतले दगड तिथंच होते.

सल्ल्यात चूक काही नाही. पण दगड कुणी हौसेनं ठेवलेला नाही. पत्रा अँगलला हुकानं आवळायचा तर अँगल पाहिजे, हूक पाहिजेत, मिस्त्रीची मजुरी पाहिजे. ते नाही म्हणून दगड. काढला तर वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो, ठेवला तर भूकंपात डोक्यात येतो. नांदेड-हिंगोली रस्त्यानं जाताना केळीच्या बागा आणि हळदीची रानं दिसतात. ती ज्यांची आहेत त्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे. त्या बागेतून घड वाहणाऱ्याच्या आणि ती हळद काढणाऱ्या बाईच्या डोक्यावर दगड आहे. निसर्ग जात बघत नाही, असं दर आपत्तीनंतर कुणीतरी सांगतं. निसर्ग बघत नसेल. पण कुणाचं घर नाल्याच्या काठाला आणि कुणाचं उंचवट्यावर, हे निसर्गानं ठरवलेलं नाही.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनानंतरची झोप. हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. नंतर जागतिक बँकेच्या पैशानं जे पुनर्वसन झालं त्यात घर किती मोठं मिळणार हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सातच्या वर ७५०. जमीन कुणाकडे नव्हती हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. गावं सपाट झाली होती, नव्यानं सगळंच बांधायचं होतं, समतेनं बांधता आलं असतं. आपल्या राज्यानं सातबारा उघडला आणि विषमता चौरस फुटात मोजून परत दिली.

त्या वेळी किल्लारी भागात कोण कोण उतरलं होतं? चर्चच्या संस्था होत्या, कासा, कॅरितास. संघाच्या संस्थाही होत्या. आमची चळवळ कुठं होती? तेव्हा आम्ही नामांतराच्या लढ्यात गुंतलो होतो, हे खरं आहे आणि त्याबद्दल आम्हाला शरम नाही. पण त्यानंतर तीस वर्षं गेली. आंबेडकरी चळवळीनं उभं केलेलं एक पुनर्वसित गाव कुणी दाखवावं, आम्ही जाहीर माफी मागू.

आता मूळ मुद्दा. आमच्यातले दोघे मध्यंतरी मराठवाड्यातच एका चर्चच्या संस्थेनं घेतलेल्या आपत्ती प्रशिक्षणाला जाऊन आले. तीन दिवस. कुणी बाप्तिस्म्याचं नाव काढलं नाही. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावला: गरोदर बाई कुठल्या घरात, अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठं, ट्रॅक्टर कुणाकडे, कुठल्या विहिरीचं पाणी पुरात खराब होतं. हे पोरं परत आले आणि आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना जयंतीच्या आधी 'जय येशू' म्हणून चिडवणं सुरू झालं. एका ज्येष्ठानं तर लिहिलं की मदत वाटणं हे मिशनऱ्यांचं काम, आपलं काम सत्ता मिळवणं.

या ज्येष्ठांचा आम्ही आदर करतो. म्हणूनच उत्तर इथं जाहीर देतो.

सत्ता संघटनेतून येते आणि संघटना कशी टिकते ते चर्चकडून शिकण्यात कमीपणा नाही. १९७० च्या २९ नोव्हेंबरला सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं. कुठं? नागपुरात. दीक्षाभूमीच्या गावी. त्यांचे आपसातले वाद काही किरकोळ नव्हते. बाप्तिस्मा तान्ह्या लेकराला द्यायचा की जाणत्या माणसाला, यावर या लोकांनी युरोपात शतकानुशतकं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. तरी एक झाले. भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय आजही नागपुरातच आहे. कासा ही संस्था १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाली, ती वेगवेगळ्या पंथांची मिळून. आणि आपण? दीक्षाभूमीवर एका मैदानात किती गटांचे किती मंडप लागतात ते मोजायला गेलो तर बोटं पुरत नाहीत. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे आम्ही मोजायचं केव्हाच सोडलंय.

नुसती एकी पुरत नाही, ती कुणासाठी हेही बघावं लागतं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हे व्हेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये आलं. पुढं दुष्काळ पडला. गावोगाव बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी बोअर दलित वस्तीत घ्यायचा आग्रह धरला. पाणी लागलं. मग गावातल्या ज्या बाया आपल्या माणसांना विहिरीवर फिरकू देत नव्हत्या, त्या घागर घेऊन वस्तीत येऊ लागल्या. महाडला तळं आपल्याला खुलं करून घ्यावं लागलं होतं, इथं तळंच वस्तीत आलं. याला आम्ही संकटाची तयारी म्हणतो. टँकर मागवून वाटप करणाऱ्यानं पाणी दिलं असतं आणि घागरींची रांग होती तशीच ठेवली असती. आरोळ्यांच्या आरोग्य सेविकांमध्ये अक्षर न ओळखणाऱ्या दलित बाया होत्या. त्यांनी बाळंतपणं केली, लेकरांची वजनं घेतली, नि गाव त्यांना हाक मारायला शिकलं.

मात्र चर्चचं गुणगान करायला आम्ही बसलेलो नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांवर सविस्तर लिहिलं आहे आणि ते कुणाला गोड लागणारं नाही. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा पैसा मोठ्या प्रमाणात सवर्ण हिंदूंच्या शिक्षणावर खर्च झाला, धर्मांतरित अस्पृश्य मागेच राहिला, आणि ख्रिस्ती समाज म्हणून तो अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती आजही शिळी झालेली नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ साली दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चच्या आत अस्पृश्यता आहे हे स्वतः कबूल केलं. ब्लँकेट वाटताना जात विचारायची नाही, हा त्यांचा नियम उदार वाटतो. पण जात विचारली नाही तर यादीतून कोण गळलं ते कळणार कसं? २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना छावणीत, पाण्याच्या टाकीवर कसं दूर ठेवलं गेलं याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केलेल्या आहेत. जात न विचारणारी मदत जातीच्या उताराने वाहते आणि वरच्या शेतात साचते.

चर्चचं अंगण लढ्याला कसं वापरता येतं हे बघायचं तर अमेरिकेत बघा. ५ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या मॉंटगोमेरीत काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. भाषणानं बहिष्कार ३८१ दिवस चालत नाही. कामावर जायला गाडी लागते. तेव्हा वेगवेगळ्या पंथांच्या काळ्या चर्चनी मिळून खासगी मोटारींची व्यवस्था लावली, कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता कोण गाडी घेऊन येणार हे ठरवलं, काही गाड्या थेट चर्चच्या नावावर घेतल्या. पेट्रोलसाठी चर्चमधून वर्गणीही जमली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब नागपुरात लाखोंना दीक्षा देत होते, त्या दिवशीही मॉंटगोमेरीच्या बस रिकाम्याच धावत होत्या.

आमचा संकटाचा अर्थही आपत्ती विभागाच्या तक्त्यात बसणारा नाही. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, मोठं संकट कोणतं? तो किल्लारी सांगणार नाही, १९७८ सांगेल. नामांतराचा ठराव झाला आणि परभणी, नांदेडमध्ये वस्त्या पेटल्या. तेव्हा हिंगोली परभणीतच होतं. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. त्या रात्री घरातून पळताना काय उचलायचं, कागदपत्रं कुठं ठेवायची, लेकरं कुणाच्या शेतात लपवायची हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि आग नसेल तर बहिष्कार असतो. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, रानातली वाट बंद, मजुरी बंद. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा २०१६ चा आहे, पण गुन्हा नोंदवून घेईपर्यंत वस्तीनं खायचं काय? विहाराच्या कोपऱ्यात पंधरा दिवसांची ज्वारी आणि डाळ असेल, तर ती पुराला चालते, भूकंपाला चालते आणि बहिष्कारालाही चालते. ज्या वस्तीच्या घरात उद्याची भाकरी आहे ती वस्ती फिर्याद मागे घेत नाही. ज्येष्ठांनी सत्तेचा प्रश्न विचारला होता. सत्तेची सुरुवात इथून होते.

आणि कायदा आपल्या बाजूला आहे, वाचायचा राहिलाय एवढंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ६१: भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. आमच्या भागातल्या एका गावी अतिवृष्टीनंतर पंचनामा करणारा माणूस वस्तीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी करून, आत न येताच नोंद करून गेला. आम्ही तिघे होतो, भांडलो, दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि पडलेल्या भिंती मोजल्या. पण आम्ही तिथं होतो म्हणून. कलम ६१ चा अर्ज लिहिता येणारी दोन पोरं प्रत्येक वस्तीत पाहिजेत, निवेदनाच्या फोटोसाठी वीस नकोत.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या भागात एकाच गल्लीत बौद्ध घर आहे, मातंग घर आहे आणि येशूचा फोटो लावलेलं घर आहे. तिन्हींच्या पत्र्यांवर दगड आहे. पण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तिसरं घर अनुसूचित जातीत बसत नाही. शीख १९५६ ला त्यात आले, आपण बौद्ध १९९० ला आलो. म्हणजे धम्म घेतल्यानंतर केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षं आपण दारात उभे होतो. ते दार आपल्याला माहीत आहे, म्हणून दलित ख्रिस्ती बांधवांच्या मागणीवर आपल्यातले काही जण 'आमच्या वाट्यात वाटेकरी नको' म्हणतात तेव्हा आम्हाला राग येतो. वाटा वाढवून मागा, माणूस कमी करू नका. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशातली चर्चं मिळून दलित मुक्ती रविवार पाळतात. त्या दिवशी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसा. प्रार्थना म्हणू नका, हरकत नाही. सभा संपल्यावर पास्टरांना विचारा: तुमच्या मदतीच्या यादीत आमची वस्ती कितव्या पानावर आहे, आणि अन्याय झाला तर पोलीस ठाण्यात आमच्याबरोबर कोण येणार? त्यांनी उत्तर दिलं तर मित्र मिळाला. नाही दिलं तर तेही कळलं.

धर्मांतराचा आरोप करणारे येतीलच. त्यांना एवढंच सांगू की बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तांदळाच्या पोत्यावर धर्म बदलत नाही. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी आधी आपल्या गावच्या पाणवठ्याकडे बघावं.

आम्ही डोंगरकड्यात मोजणी सुरू केली आहे. एका शाळकरी वहीत रकाने आखलेत: पत्र्यावर दगड किती, घरात म्हातारं किंवा अपंग कोण, रात्री पळायची वाट कुठून, आधार आणि जातीचा दाखला कशात गुंडाळलाय. बौद्ध, मातंग, ख्रिस्ती, पारधी, मुस्लिम, ज्याच्या पत्र्यावर दगड त्याचं नाव वहीत. समता सैनिक दलाची पोरं संध्याकाळी घरोघर जातात. हूक आणि अँगलचा भाव कळमनुरी आणि नांदेड दोन्हीकडून मागवलाय. जयंती मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही एकच हिशोब मांडणार आहोत: डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती घरांचे पत्रे आवळून होतात. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही बैठकीला यावं. येताना आपल्या गल्लीतले दगड मोजून यावं.

जय भीम.